पाठ खाजवायचा हात

बाईंकडे जायचं तर आधी बाजारात मासळी कशी आली आहे, याचा अंदाज घ्यावा लागे. बोंबील चांगले आले असतील तर अपॉइंटमेंट गेली म्हणून समजायचं. सकाळीच फोन यायचा, "आज नको येऊस रे. ताजे बोंबील मिळालेत, साफ करत बसलेय. उद्या ये. तुझी भीती काय कुठं पळून जात नाही." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला रागच आला होता. आपण इतक्या जिवापाड जपलेल्या भीतीला कुणी बोंबलांच्या मागच्या नंबरावर टाकलं की माणसाचा मानभंग होतो.

बाई मूळच्या गोराईच्या, कोळ्यांच्या घरातल्या. त्यांची आई बोरीवलीच्या बाजारात टोपली घेऊन बसायची आणि बाई तिच्या मागे बसून अभ्यास करायच्या. पुढे मानसशास्त्र शिकल्या, इस्पितळांत नोकऱ्या केल्या आणि साठीच्या आसपास बोरीवली पश्चिमेला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर खोली घेऊन त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. 'दुकान' हा शब्द त्यांचाच. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की बाईंच्या खोलीतली भिंतही थरथरायची, पण या गिरणीचा पेशंट लोकांना मोठा आधार होता. बाहेर पडताना कुणी ओळखीचं दिसलंच तर 'दळण टाकायला आलो होतो' असं सांगता यायचं. मी तर हातात कापडी पिशवी घेऊनच जात असे. बायको म्हणाली, "नुसती पिशवी नेतोस त्यापेक्षा खरंच गहू नेत जा ना." मग गहू नेऊ लागलो. त्या काळात आमच्या घरी पीठ कधी संपलं नाही.

पेशंट आत आला की बाई त्याला खिडकीपाशी उभा करून त्याच्या डोळ्यांत बघत. बाजारात पापलेट घेताना बायका बघतात ना, तसं. मग म्हणत, "आज बरे दिसतायत. झोप लागली वाटतं," किंवा "हे काय? शिळे झालेत अगदी." एवढी तपासणी झाली की खुर्चीवर बसायचं. टेबलावर कागदी रुमालांचा डबा नव्हता, दाराच्या कडीला एक धुतलेला पंचा अडकवलेला असे. रडू आलं तर तो घ्यायचा, आणि रडताना 'सॉरी' म्हणायचं नाही, असा सक्त नियम होता. मी एकदा म्हणालो, तर "सॉरी कशाला? माझा पंचा वाळत नाही का?" असं त्यांनी विचारलं.

बाईंच्या उपचाराला ईएमडीआर असं चार इंग्रजी अक्षरांचं नाव होतं. माणसाच्या मनात एखादा भयंकर प्रसंग रुतून बसलेला असतो. त्यातलं सगळ्यात वाईट चित्र त्यानं मनात धरायचं आणि त्याच वेळी समोर डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांकडे बघत राहायचं. डोकं हलवायचं नाही, फक्त डोळे. थोड्या वेळानं बोटं थांबतात, "काय आलं?" असं विचारलं जातं, जे आलं ते सांगायचं, की पुन्हा बोटं सुरू. ऐकणाऱ्याला ही शुद्ध फसवणूक वाटते. मलाही वाटली.

त्यात बाईंचा खांदा आखडलेला. वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर हात हलवून हलवून तो कामातून गेला होता. परदेशात यासाठी सरकत्या दिव्यांची पट्टी मिळते, ती घ्या, असं कुणी तरी सुचवलं, तर बाई म्हणाल्या, "माणूस रडायला येतो, त्याच्यापुढं दिवाळीचं तोरण लावू?" मग त्यांनी टेबलफॅनला लाल रिबीन बांधून तो इकडून तिकडे फिरवून पाहिला. पंखा इतका संथ फिरायचा आणि वारा इतका छान यायचा, की पेशंट झोपून जायचे. शेवटी त्यांना स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडे पाठ खाजवायचा प्लास्टिकचा हात मिळाला. लांब दांडा आणि टोकाला वाकलेल्या बोटांचा पिवळा पंजा. तो मनगटातून हलवला की खांद्याला त्रास नाही. बोरीवली ते दहिसर पट्ट्यातल्या कितीतरी माणसांची दुःखं या पिवळ्या पंजानं हलकी केली आहेत. मधल्या वेळात बाई त्यानं पाठ खाजवत.

"पण याने होतं काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी अंधेरीला औषधांच्या खोक्यांवर छापायचा मजकूर तपासायचं काम करतो. कशात काय आहे आणि त्याचे दुष्परिणाम काय, हे वाचल्याशिवाय माझ्या घशाखाली काही उतरत नाही.

"जे भयंकर असतं ते नीट पचत नाही," बाई म्हणाल्या. "कच्चंच राहतं. म्हणून मग मागचं असूनही आत्ता घडतंय असं वाटतं. तू एक पाय तिकडं ठेवायचा, एक पाय माझ्या या खोलीत. आठवायचं पण, आणि बघायचं पण. दोन्ही कामं एकदम करताना त्या आठवणीला पूर्वीसारखं बोंबलता येत नाही. हळूहळू ती इतर आठवणींसारखी होते."

"म्हणजे नक्की कसं?"

"नक्की कसं यावर शिकलेले लोक अजून भांडतायत. भांडू देत. पुष्कळांना बरं वाटतं, एवढं मी बघितलंय. सगळ्यांना नाही वाटत. तुला नाही वाटलं तर सांग, दुसरा रस्ता बघू. हे काय मंतरलेलं पाणी नाही."

आमच्या आईच्या मते मात्र ते मंतरलेल्या पाण्याच्याच जातीचं होतं. 'समोर हात फिरवतात आणि भीती जाते' एवढं ऐकल्यावर ती म्हणाली, "मग सरळ सांग ना, दृष्ट काढतात म्हणून." मी पुढच्या खेपेला निघालो तेव्हा तिनं एका पुडीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या बांधून दिल्या. बाईंकडे नसतील तर खोळंबा नको. मी संकोचत पुडी टेबलावर ठेवली. बाईंनी ती उघडून पाहिली, मिरच्या हुंगल्या आणि म्हणाल्या, "मिरची चांगली आहे, कालवणाला होईल. आईला सांग, आमच्यात गोल फिरवत नाहीत, आडवं फिरवतात." मी हा निरोप जसाच्या तसा दिला. आईला तो पटला. प्रत्येक घराण्याची पद्धत वेगळी असते, असं ती म्हणाली.

शेजारच्या गिरणीवाल्यानंही दाराच्या फटीतून बघून ही विद्या उचलली होती. त्यानं दारू सोडवण्यासाठी आपल्या मेहुण्याच्या डोळ्यांसमोर पेटती उदबत्ती हलवली. दारू सुटली नाही, भुवई जळाली. बाईंनी त्याला भर रस्त्यात झापला. त्यांचं म्हणणं असं, की भुवईचं सोड, ती उगवेल, पण माणसाच्या आतलं काही उकरून काढलंस आणि ते तुला आवरता आलं नाही तर काय करशील? बाईंना खरोखर चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आता माझी भीती. ऑफिसच्या इमारतीत मी एकदा लिफ्टमध्ये अडकलो होतो, आणि तेव्हापासून मला लिफ्टमध्ये पाय ठेवता येत नव्हता. ठेवला की घसा आवळायचा. ऑफिस चौथ्या मजल्यावर, तिथं जिना होता, भागत होतं. 'व्यायाम होतो' असं मी लोकांना सांगे. पण आमची बोरीवलीची चार मजली बिनलिफ्टची सोसायटी पुनर्विकासाला गेली होती आणि तिच्या जागी टॉवर उठत होता. आम्ही तोवर दहिसरला पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. नव्या घरांच्या चिठ्ठ्या काढल्या तेव्हा आमची चिठ्ठी आईनं काढली. सतरावा मजला. आई चिठ्ठी हातात धरून लॉटरी लागल्यासारखी नाचली, गुडघे दुखत असूनही. "हवा येईल रे! डास नाहीत, धूळ नाही!" मी हळूच सेक्रेटरींना विचारलं, दुसरा मजला कुणाशी बदलून मिळेल का. ते म्हणाले, "दुसरा मजला गाड्यांचा आहे. तुमची गाडी राहू शकते, तुम्ही नाही."

बायको म्हणाली, "ठीक आहे. आम्ही वर राहतो, तू खाली गाडीत राहा." ती हसत म्हणाली, पण घराचा ताबा जवळ आला तशी तिची झोप माझ्याहून जास्त उडाली. आई तर म्हणालीच, "तू वर येणार नसशील तर मला नको ते घर. मी इथंच बरी." बाबा गेले त्याच घरातून, आणि त्याच जागेवर परत जायचं म्हणून ती इतकी वर्षं भाड्याच्या खोल्यांतून दिवस काढत होती. माझ्यामुळे ती चिठ्ठी वाया जाणार, या विचारानं मला घरात तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. तेव्हा कुठं मी ती कापडी पिशवी उचलून बाईंचं दार गाठलं.

लिफ्टची गोष्ट मी फार छान सांगायचो. लग्न, मुंज, हळदीकुंकवाला बायकोला घ्यायला गेलो तरी लोक मला बसवून घ्यायचे, 'ती लाडवांची सांगा ना' म्हणून. बाईंसमोर बसलो आणि घसा साफ करून सुरुवात केली. "झालं काय मॅडम, दिवाळीचे दिवस. लिफ्टमध्ये मी आणि मिठाईच्या दुकानाचा एक माणूस, हातात मोतीचुराच्या लाडवांचं भलंमोठं खोकं..."

"थांब. गोष्ट नको."

"अहो, पण त्याशिवाय कळणार कसं? लोक आग्रह करकरून ऐकतात ही, पोट धरून हसतात."

"मला कळायला नकोय. तुला कुठं टोचतं, ते हवंय."

हा घाव मला लिफ्टपेक्षा जिव्हारी लागला. पुढच्या खेपेलाही त्यांनी गोष्ट ऐकली नाही. आधी एक शांत जागा मनात आण म्हणाल्या, अडचण आली तर परत यायला. मी म्हटलं, नॅशनल पार्क. डोळे मिटले आणि तिथं बिबट्या येऊन बसला. मग मी आमच्या जुन्या घराची गॅलरी म्हटली. बाबा तिथं पेपर वाचत बसायचे. पण लगेच म्हणालो, "ती पाडली हो."

"बरं झालं. मग आता तिला कुणी हात लावू शकत नाही," बाई म्हणाल्या. "चालेल."

त्रास दहापैकी किती, हेही त्या विचारत. मी म्हणालो, "सात... म्हणजे साडेसात. सव्वासात धरा." त्या म्हणाल्या, "भाव करतोस का माझ्याशी?"

मग आला तो दिवस. गिरणी बंद होती, त्यामुळे खोली कधी नव्हे ती शांत होती. बाई पिवळा पंजा मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू ती गोष्ट लोकांना सांगतोस, तेव्हा ते सगळ्यात जास्त कुठं हसतात?"

हे सांगायला मला विचार करावा लागला नाही. लिफ्ट अडकते, अंधार होतो. मग धाडकन खाली घसरते, पुन्हा थांबते. मी त्या माणसाला हाका मारतो, तो ओ देत नाही. मला वाटतं, मेला! आणि मग कळतं, की घाबरून त्यानं अख्खा लाडू तोंडात कोंबलाय. बोलणार कसा? इथं लोक टाळ्या देतात. आमच्या मामांना तर एकदा ठसकाच लागला होता.

"तिथंच थांब," बाई म्हणाल्या. "तो ओ देत नाही. तिथं."

"अहो, पण तो जिवंत होता ना."

"ते नंतर कळलं. आत्ता कळलेलं नाहीये. अंधार आहे. काय दिसतं?"

"काही नाही."

"मग काय आहे?"

तुपाचा वास होता. इतक्या वर्षांत गोष्टीत मी तो कधी घातला नव्हता. पिवळा पंजा डोळ्यांसमोर इकडून तिकडे जायला लागला आणि मी त्याच्या मागे डोळे फिरवायला लागलो. पाठ खाजवायच्या हाताकडे बघत आपण रडणार आहोत, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पंजा थांबला.

"काय आलं?"

"मी हाका मारल्या नव्हत्या," मी म्हणालो. ते माझं मलाच नवीन होतं. "गोष्टीत मारतो. तेव्हा तोंड उघडलं होतं, पण आवाजच फुटला नाही. माझा आवाज मला ऐकू येईना. वाटलं, आता कुणालाच कधी ऐकू येणार नाही."

"बघ त्याच्याकडे," बाई म्हणाल्या आणि पंजा पुन्हा हलायला लागला.

मी पंचा घेतला. सॉरी म्हणणार होतो, पण आवरलं. असं किती वेळ चाललं माहीत नाही. पंजा जायचा, यायचा, थांबायचा, "काय आलं?" आणि दर वेळी काही तरी वेगळं. लोखंडाचा गारवा. बाहेर लांबवर कुणाचा तरी फोन वाजतोय. आणि मग एकदम माझा हात आठवला. आवाज फुटत नव्हता म्हणून मी अंधारात हात पुढं केला होता. त्या माणसाचा खांदा लागला होता. आणि त्यानं, तोंडात लाडू असलेल्या त्या माणसानं, माझा हात थोपटला होता. तुपकट हातानं, दोनतीनदा. म्हणजे माझं त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं. हे मी साफ विसरून गेलो होतो. मला त्या अनोळखी माणसाबद्दल इतकी माया दाटून आली, की मी पंचा पुन्हा तोंडाला लावला. ज्याला मी इतकी वर्षं दर लग्नात हास्यास्पद करून लोकांना वाढलं, त्यानं मला धीर दिला होता.

बाईंनी पंजा खाली ठेवला. "तेव्हा ओरडता आलं नाही, म्हणून मग घरोघरी ओरडत फिरलास," त्या म्हणाल्या. "बरं सांगायचास म्हणे. लोकांना काय, लाडू मिळाले." मग त्या पाठ खाजवायला लागल्या.

एका दिवसात सगळं झालं, असं नाही. त्यानंतरही मी जात राहिलो आणि मध्ये बोंबीलही येत राहिले. बाईंनी मला समोरच्या दोन मजली बँकेच्या लिफ्टमध्ये नुसतं उभं राहायला लावलं, दार उघडं ठेवून. वॉचमननं दोनदा हटकलं. मग एक मजला. मी म्हणालो, "तुम्ही या ना बरोबर." त्या म्हणाल्या, "मी तुझ्या सतराव्या मजल्यावर राहायला येणारेय का?"

आणि शेवटच्या दिवशी त्या आरामात मागं टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "हं. सांग आता तुझी गोष्ट."

मी हुरळून गेलो. अखेर! घसा साफ केला. "अंधेरीला लिफ्ट अडकली होती. अंधार झाला. मी खूप घाबरलो. मग काढलं आम्हाला बाहेर." पुढं काही सुचेना. बाईंनी जांभई दिली. "बस? यासाठी एवढं पीठ दळलंस?" पण त्यांचा चेहरा खुलला होता. त्या म्हणाल्या, "कंटाळवाणी झाली ना, मग झालं."

ताबा मिळाला त्या दिवशी आई आणि मी पहिल्यांदा वर गेलो. नवीकोरी लिफ्ट, आतून अजून प्लास्टिक न काढलेली. दार मिटलं तेव्हा घसा जरा आवळलाच. नाही म्हणणार नाही, अजूनही कधी कधी आवळतो. मी भिंतीवरच्या आकड्यांकडे बघितलं आणि विचारलं, "आई, बरी आहेस ना?" आवाज फुटला. चांगला मोठा फुटला. आई म्हणाली, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरी आहे?" मला इतका आनंद झाला, की मी तिला पुन्हा एकदा तेच विचारलं.

वास्तुशांतीला बाईंना बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं, पण श्रावण होता, मासळीचा प्रश्न नव्हता. त्या आल्या, सगळ्या खिडक्यांतून डोकावून आल्या आणि जिलबीचं ताट घेऊन आईच्या शेजारी बसल्या. जेवणं होत आली तसे मामा म्हणाले, "अरे, आता तुझ्याच घरात लिफ्ट. ती लाडवांची होऊन जाऊ दे!" सगळे सरसावून बसले. मी बाईंकडे पाहिलं. त्या जिलबी खाण्यात गुंतल्या होत्या.

"लिफ्ट अडकली होती," मी म्हणालो. "अंधार झाला. मी खूप घाबरलो होतो. एका माणसानं माझा हात थोपटला. मग काढलं आम्हाला बाहेर."

मामांनी थोडी वाट पाहिली. "आणि लाडू?"

"लाडू होते."

"बिघडवलीस रे पार," मामा म्हणाले. कुणी तरी मठ्ठ्याचा विषय काढला आणि सगळे आपापल्या पानाकडे वळले. आईचा हात मात्र तसाच थांबला होता. या गोष्टीला सगळ्यात मोठ्यानं ती हसायची, दर वेळी, ती कितीदा ऐकली असली तरी.

"तू घाबरला होतास?" तिनं विचारलं. "मला कधी बोलला नाहीस."

इतक्या वेळा, इतक्या लोकांत, तिच्यासमोर बसून मी ती गोष्ट सांगितली होती, आणि तिला हे आज पहिल्यांदा कळत होतं. माझे डोळे भरून आले. आई गुडघ्यावर हात ठेवून उठली, नव्या स्वयंपाकघरात गेली, डबे हुडकले आणि मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन आली. पाहुण्यांसमोर, चाळिशी उलटलेल्या मुलाला तिनं खुर्चीत बसवलं. मग एकाएकी तिला आठवलं आणि ती मूठ तशीच धरून बाईंकडे वळली.

"तुमच्यात आडवं फिरवतात ना हो?"

बाईंनी पाक लागलेली बोटं ताटाला पुसली.

"आता गोल चालेल मावशी," त्या म्हणाल्या.

आई हात फिरवायला लागली, आणि तिची मूठ जिथं जाईल तिथं मी डोळ्यांनी तिच्या मागं जात राहिलो.